शरदकाकांचं दुकान आणि खोकल्याचं औषध

औषधाच्या दुकानात प्रत्येक गोष्टीला एक्सपायरी डेट असते. गोळीला असते, मलमाला असते, चिकटपट्टीलासुद्धा असते. किस्स्यांना तेवढी नसते. ते मागच्या फळीवर साठत जातात, आणि एखाद्या दिवशी काहीतरी काढायला हात घालावा, तर भलतंच हाताला लागतं.

सध्या मी खराडीत एका ऑनलाइन फार्मसीच्या ऑफिसात बसते. कानाला हेडफोन, समोर दोन स्क्रीन. लोक चिठ्ठीचा फोटो पाठवतात, मी तो तपासते, शंका आली तर डॉक्टरांना फोन लावते आणि हिरवं बटण दाबते. एसी उत्तम आहे, कॉफीचं मशीन आहे. दिवसभरात एकाही पेशंटचा चेहरा दिसत नाही.

जेवणाच्या सुट्टीत टीममधली पोरं डबे उघडतात आणि म्हणतात, "मॅडम, शनिवार पेठ होऊन जाऊ दे!" मग मी सांगते. सांगताना पोळी गार होते.

शनिवार पेठेतल्या त्या दुकानात मी नऊ वर्षं काढली. आम्ही तिघंच. मालक शरदकाका, काउंटरवर त्यांच्याबरोबर पंचवीस वर्षं उभ्या असलेल्या मंदाताई, आणि यवतमाळहून डी. फार्म. करून आलेली मी, प्रणिता. दुकान परवा परवापर्यंत होतं असं वाटतं. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. काका गेल्या थंडीत गेले.

किस्से बरेच आहेत, पण खोकल्याच्या औषधाचे वेगळेच.

*

माझा पहिला आठवडा. एक आजोबा आले. इस्त्रीचा सदरा, हातात छत्री, आवाजात हुकूम.

"ते खोकल्याचं औषध द्या. गेल्या वर्षी दिलं होतंत ते. छान झोप लागते त्यानं."

मी नाव बघितलं. ती बाटली कुलपाच्या कपाटातली होती. मी विचारलं, "चिठ्ठी आणलीय?"

"चिठ्ठी कसली? खोकला माझा आहे, डॉक्टरांचा नाही!"

मी गडबडून काकांकडे पाहिलं. काकांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. "खोकला तुमचा, सही डॉक्टरांची, परवाना माझा. तिघं एकत्र आले की बाटली मिळेल."

"अहो, तीस वर्षं तुमच्याकडून औषधं नेतोय मी!"

"म्हणूनच तीस वर्षं खोकताय. नाहीतर खोकला केव्हाच थांबला असता. श्वासासकट!"

आजोबा तणतणत गेले. संध्याकाळी चिठ्ठी घेऊन आले, पण तिच्यावर खोकल्याचं औषध नव्हतंच. त्यांची ब्लड प्रेशरची गोळी बदलून दिली होती. त्या जुन्या गोळीनेच कोरडा खोकला येत होता म्हणे! काकांनी नवी गोळी पुडीत घातली आणि म्हणाले, "बघा, चोर घरातलाच निघाला."

आजोबा गेल्यावर काका मला कपाटापाशी घेऊन गेले. "यात कोडीन आहे. अफूच्या कुळातलं. ते मेंदूला सांगतं, खोकू नकोस. जास्त झालं तर सांगतं, श्वासही घेऊ नकोस. औषध वाईट नाही गं. कधीकधी यासारखं दुसरं नाही. फक्त त्याला 'बास' म्हणणारं कुणीतरी लागतं."

मी विचारलं, "कोण?"

"महिन्याचा पगार कशाचा देतोय तुला?"

*

गणिताचे एक निवृत्त सर होते. त्यांना डॉक्टरांनी ते सिरप एक चमचा, दिवसातून तीनदा असं लिहून दिलं होतं. चार दिवसांनी त्यांच्या मिसेस आल्या.

"अहो, हे बँकेत टोकन घेऊन बसले आणि झोपले. नंबर येऊन गेला, बँकेची जेवणाची सुट्टी झाली, तरी हे झोपलेलेच! शिपायानं हलवून उठवलं."

काकांचा चेहरा बदलला. "चमचा कुठला वापरता?"

"घरातलाच की."

"बाटलीबरोबर मापाचं झाकण दिलं होतं."

"ते छान आहे. त्यात मी केशर भिजवते."

काकांनी त्यांना घरी पाठवून चमचा आणायला लावला. आला तो श्रीखंड वाढायचा चमचा, चांदीचा, मुलीच्या लग्नातला! काकांनी त्यात पाणी भरलं आणि मापाच्या झाकणात ओतलं. पाच मिलीच्या रेघेवरून पाणी वर गेलं, दहाच्या वर गेलं, पंधराला टेकलं. म्हणजे सर दिवसाला तीन नव्हे, नऊ डोस पीत होते.

काकांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, औषध थांबवलं, सरांना तासाभरात दवाखान्यात पोचवलं. सर ठणठणीत निघाले, नुसती पेंग. आठवड्याने स्वतः दुकानात आले तेव्हा काका म्हणाले, "सर, आयुष्यभर गणित शिकवलंत. एक आणि तीनमधला फरक...?"

सर शांतपणे म्हणाले, "चमचा हे एकक आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं!"

त्या दिवसापासून बाटली देताना मंदाताई मापाच्या झाकणावर पेनाने रेघ मारून द्यायच्या आणि वर बजावायच्या, "केशर दुसऱ्या कशात तरी भिजवा."

*

हा छोटासा आहे. दुपारची वेळ, दुकानात पाच-सहा बायका. एक गृहस्थ घाईघाईने आत आले आणि मोठ्यांदा म्हणाले, "काका, तुमच्या औषधानं खोकला बंद झाला. पण बाकीचंही सगळं बंद झालं! चार दिवस झाले!"

काका म्हणाले, "होतं यानं तसं. पाणी वाढवा, आज डॉक्टरांना सांगा, आणि जरा हळू बोला. खोकला गेलाय ना? मग घसा का ताणताय?"

*

वारज्याचा एक मुलगा होता, रोहित. इथेच खराडीत आयटीत होता. लग्न ठरलं होतं. आमच्याकडे आला तो होणाऱ्या सासऱ्यांना घेऊन. की सासरे त्याला घेऊन आले होते, कोण जाणे. दोघांनाही खोकला. दोघांच्याही चिठ्ठ्या एकाच डॉक्टरांच्या.

काकांचे ठरलेले प्रश्न असायचे, आणि समोर कोण उभं आहे हे न बघता ते विचारायचे.

"झोपेची, फिटची, कसली गोळी चालू आहे?"

"नाही."

"दमा?"

"नाही."

"गाडी चालवता?"

"बाइकवर ऑफिसला जातो."

"औषध घेऊन चालवायची नाही. बसने जा."

"काका, वारज्याहून खराडी! दीड तास लागतो."

"प्लास्टर उतरायला सहा आठवडे लागतात. दारू घेता?"

रोहितने सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी छताकडे पाहिलं.

"छे छे, काका! कधीच नाही."

"आणि आपण?"

सासरे म्हणाले, "आमच्या घरात चहासुद्धा फिका असतो."

दोघं बाटल्या घेऊन गेले. तासाभराने दुकानातला फोन वाजला. मी उचलला. रोहितच. आवाज एकदम बारीक. "मॅडम, ते काका मघाशी विचारत होते ना... वीकेंडला थोडी होते. चालेल का?"

मी काकांना विचारलं. काका म्हणाले, "त्याला सांग, औषध आणि दारू एका अंगात गेली की दोघं मिळून श्वास दाबतात. एकतर खोकला बरा कर, नाहीतर वीकेंड. एकच मिळेल."

मी सांगितलं, फोन ठेवला. ठेवते न ठेवते तोच परत वाजला. दबलेला, भारदस्त आवाज.

"अहो, जावई आत्ता तुमच्याशी बारीक आवाजात बोलत होता ना, तुम्ही काय सांगितलंत ते मला शेजारच्या खोलीत नीट कळलं नाही. परत सांगता का? म्हणजे, सासऱ्यांनाही तेच लागू का?"

*

पुढचा किस्सा मी जेवताना सांगत नाही.

आमच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत वर्षा नावाची एक बाई राहायला आली होती. नवरा भोसरीकडे कारखान्यात, ही पोळ्या लाटायच्या कामाला. सहा वर्षांची मुलगी, परी. बोलणं ऐकून मला पहिल्याच दिवशी कळलं, ही आमच्याकडची. पण मी काही बोलले नव्हते. पुण्यात आल्यापासून मी माझी बोली घडी घालून ट्रंकेत ठेवली होती. सुरुवातीला एकदा गिऱ्हाइकाला "थांबा, पाहून राहिली" म्हणाले, तर तो हसला होता. तेव्हापासून माझं मराठी छापील झालं होतं.

एके दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमाराला वर्षा धावत आली. कडेवर परी. मान लोंबत होती.

"ही उठत नाही."

काकांनी पोरीला काउंटरवर आडवं घेतलं. श्वास होता, पण एक आला की दुसऱ्याची वाट बघावी लागत होती. ओठ फिके. मी पापणी वर केली. बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या.

काका म्हणाले, "काय दिलंत हिला?"

"काहीच नाही."

"खोकल्याचं औषध दिलंत?"

"नाही हो. काहीच नाही दिलं. झोपली ती झोपलीच."

काकांनी दोनदा विचारलं, तिनं दोनदा नाही म्हटलं. तिला वाटत होतं, कबूल केलं तर हे लोक पोलिसात देतील. मंदाताई अँब्युलन्सला फोन लावत होत्या. आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं.

"काय पाजलं वो तिले? मले सांग. मी यवतमाळची हाय. कोणी काही नाही म्हणत तुले."

वर्षानं माझ्याकडे पाहिलं. मग तिचा बांध फुटला. "बाजूवालीनं देल्लं वो, ताई. तिच्या घरच्याचं होतं उरलेलं. पोरगी खोकून राहिली होती, झोपूनच नव्हती राहिली. दोन झाकनं पाजलं."

"बाटली कुठी हाय?"

"घरी."

"पळ, आन."

ती बाटली आणायला पळाली. तोवर काकांनी परीला कुशीवर वळवलं. मी तिला हाका मारत होते, तळव्याला चिमटे काढत होते, प्रत्येक श्वास मोजत होते. वर्षा बाटली घेऊन आली आणि पोरीच्या घशात बोट घालायला लागली, तशी काकांनी तिचा हात धरला. "उलटी काढायची नाही, बाई. श्वासात जाईल."

आमच्याच कपाटातलं सिरप होतं ते. बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायचंच नसतं. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. शेजारणीला ती मीच दिली होती, तिच्या नवऱ्याच्या चिठ्ठीवर. सगळे प्रश्न विचारून दिली होती. एक सांगायचं राहिलं होतं, उरलं तर परत आणून द्या.

अँब्युलन्समध्ये वर्षाबरोबर काका बसले, हातात ती बाटली घट्ट धरून. मी आणि मंदाताई दुकानात. गिऱ्हाइकं आली, मी औषधं दिली. कुणाला काय दिलं ते आज विचाराल तर सांगता येणार नाही.

साडेपाचला काकांचा फोन आला. "बाटली दाखवली, त्यांनी लगेच उतारा दिला. पोरगी उठली. उठल्याबरोबर बिस्किट मागतेय."

मंदाताई खाली स्टुलावर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. मी नाही रडले. मी कपाट उघडलं आणि सगळ्या बाटल्यांवर लाल पेनाने लिहीत बसले, "उरलेलं औषध दुकानात परत आणा. दुसऱ्याला देऊ नका."

दुसऱ्या दिवशी काका आले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. काका म्हणाले, "माझ्या शुद्ध मराठीत मी दोनदा विचारलं. उत्तर मिळालं नाही. आजपासून या दुकानात तू तुझ्या भाषेत बोलायचंस."

मी म्हटलं, "काका, लोक हसतील."

"हसू देत. हसणारा माणूस श्वास घेत असतो."

*

मीनलताई लायब्ररीत होत्या. हळू बोलणाऱ्या, हातात कापडी पिशवी. आई बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होती, ती गेल्यावर त्या एकट्या. त्यांना एकदा मोठा खोकला झाला होता, तेव्हा सिरप लिहून दिलं होतं. मग दर आठ दिवसांनी चिठ्ठी यायला लागली. डॉक्टर तेच, अक्षर वरवर तेच, औषध तेच. त्या सरळ, सभ्य बाई. दोन वेळा मी कपाटातून बाटली काढून दिलीही.

तिसऱ्या वेळी काकांनी चिठ्ठी हातात घेतली. उजेडाकडे धरली. खूप वेळ बघत राहिले.

"मीनलताई, या डॉक्टरांना जाऊन तीन आठवडे झाले. मी स्वतः पोचवायला गेलो होतो."

काकांनी चिठ्ठीवरच्या तारखेवर बोट ठेवलं.

"आणि तारीख परवाची आहे. गेल्यावर अक्षर मात्र सुधारलंय त्यांचं!"

मला वाटलं, बाई आता पळून जाणार. पण काकांनी काउंटरची फळी उचलली. आत गिऱ्हाइकाला यायची परवानगी नव्हती, कुणालाच नव्हती. ते म्हणाले, "आत या. बसा. मंदा, चहा सांग."

मीनलताई बसल्या. म्हणाल्या, "खोकला कधीच गेलाय, काका. पण ते घेतलं की दुपार निघून जाते. नाही घेतलं की हातपाय दुखतात, घाम येतो, नाकातून पाणी येतं. मला वाटलं होतं, खोकल्याचंच तर औषध आहे. त्याचं काय एवढं!"

"सगळ्यांना असंच वाटतं."

"मी आजपासून एकदम बंद करते."

"एकदम नाही. डॉक्टर सांगतील तसं, त्यांच्या हिशेबानं. आणि एकटीनं नाही."

व्यसनमुक्तीचे एक डॉक्टर काकांच्या ओळखीचे होते. मंगळवारी ते बसायचे. मंदाताई मीनलताईंबरोबर गेल्या. पुढच्या मंगळवारीही गेल्या. मंदाताईंना मंगळवारी हाफ डे मिळतोय हे बघून मी एकदा कुरकुर केली, तर काका म्हणाले, "तीही औषधच पोचवतेय. होम डिलिव्हरी."

पाच-सहा महिन्यांनी मीनलताई आल्या. चेहऱ्यावर तजेला. म्हणाल्या, "काका, काहीतरी द्या ना. रिकाम्या हाती जाववत नाही इथून."

काकांनी बरणीतून चार खडीसाखरेचे खडे काढून त्यांच्या हातावर ठेवले. "घ्या. चिठ्ठी नको याला!"

*

आणि हा शेवटचा. हा मी टीमला एकदाच सांगितला. परत सांगायला सांगतात, मी टाळते.

कमलआजी आमच्या अगदी जवळ राहायच्या. त्यांचे यजमान, भाऊ, रोज सकाळी दूध आणायला दुकानावरून जायचे. छातीचा जुना आजार. शेवटी शेवटी डॉक्टरांनी त्यांना तेच सिरप दिलं होतं, थोडा आराम पडावा म्हणून. भाऊ गेले. तेराव्यानंतर आठ-दहा दिवसांनी आजी दुकानात आल्या. पिशवीत अर्धी बाटली.

"परत आणून द्या म्हणता ना तुम्ही. आणलीय. पण जरा विचारायचंय."

काका म्हणाले, "विचारा."

"यातलं मी तीन दिवस घेतलं. दुपारी, एकेक झाकण. झोप येत नाही मला. यानं येते."

काकांनी बाटली हातात घेतली, बघितली, ड्रॉवरमध्ये टाकली आणि ड्रॉवरला कुलूप लावलं. "झोपेची दुसरी काही गोळी घेतलीत?"

"नाही."

"श्वासाला त्रास? चक्कर?"

"काही नाही."

त्यांनी आजींच्या डॉक्टरांना फोन लावला, सगळं सांगितलं, त्याच संध्याकाळची वेळ घेतली. आजींच्या सुनेलाही कळवलं. मग म्हणाले, "हे तुमच्यासाठी नाही, आजी. परत घ्यायचं नाही. झोप का येत नाही?"

आजी संकोचल्या. दुकानात मी आणि मंदाताईच होतो. त्या म्हणाल्या, "बेचाळीस वर्षं हे शेजारी खोकत होते. मी इतकी वैतागायचे! उशी घेऊन बाहेरच्या खोलीत जायचे. म्हणायचे, देवा, एक दिवस तरी नीट झोपू दे. आता घर अगदी गप्प. आणि डोळ्याला डोळा लागत नाही. मूर्खपणा आहे ना?"

काकांनी स्टूल पुढे सरकवून आजींना बसवलं.

"कुणाला सांगणार? सुनेला सांगितलं तर ती म्हणेल, सासूबाईंचं डोकं फिरलं." आजी हसल्या. "त्यांची एक पद्धत होती. आधी दोन छोटे, मग एक मोठा." आणि त्यांनी तोंडावर पदर धरून खोकून दाखवलं.

काकांनी मान हलवली. "नाही."

"काय नाही?"

"मोठा नव्हता तो. शेवटचा आत ओढायचे. आणि मग घसा साफ करायचे. मी रोज सकाळी शटर उघडताना ऐकायचो. त्यावरून मला कळायचं, सात वाजले."

"हो!" आजी एकदम सरळ बसल्या. "हो, बरोबर! आत ओढायचे!"

काकांनी इकडे तिकडे पाहिलं. मंदाताईंकडे, माझ्याकडे. चष्मा काढून काउंटरवर ठेवला. आणि आमच्या शरदकाकांनी, ज्यांना नऊ वर्षांत मी कुणाचीही नक्कल करताना पाहिलं नव्हतं, दोन छोटे खोकले काढले, मग तिसरा आत ओढला आणि घसा साफ केला.

आजींनी डोळे मिटले होते. हात मांडीवर. दुकानाबाहेरून रिक्षा गेली, स्कूटर गेली. कुणी आत आलं नाही.

मग डोळे न उघडताच आजी म्हणाल्या, "परत एकदा."